सासूबाईंची रजई कुणी धुवायची

ज्यांनी आयुष्यात कधी ओली रजई उचललेली नाही, त्यांनी कापसाच्या अंथरुणाचे गोडवे गाऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. छत्तीस वर्षं मी हे मत पोटात ठेवलं. गेल्या वर्षी माझ्या नणंदेमुळे ते बाहेर पडलं, आणि पडलं ते बरंच झालं.

कोरियात, देगू शहरात नवव्या मजल्यावर आमचं घर आहे. घरात मी, माझा नवरा ब्योंगते आणि त्याची आई. सासूबाई अठ्ठ्याऐंशीच्या आहेत. पलंग त्यांना चालत नाही. खालून गरम होणाऱ्या जमिनीवर गादी घालायची आणि वर कापसाची रजई. त्या रजईची पांढरी खोळ चारी बाजूंनी हातानं टाचलेली असते. धुवायची म्हणजे आधी सगळे टाके उसवायचे. मग खोळ धुवायची, तिला पेजेची खळ द्यायची, अर्धवट ओली असताना घडी करून पायांनी तुडवायची, वाळवायची आणि पुन्हा गुडघ्यांवर बसून लांब सुईनं टाचायची. पूर्वी हे वर्षातून चारदा व्हायचं. मार्चपासून सासूबाईंना झोपेत लघवी आवरेनाशी झाली आणि हेच आठवड्यातून दोनदा होऊ लागलं. आतला कापूस भिजला तर त्याचं वेगळंच. भिजलेला कापूस उचलायला दोन माणसं लागतात, आणि आमच्या घरात उचलणारं माणूस एकच.

जूनमध्ये माझ्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "डावंही त्याच वाटेवर आहे. पिळायचं नाही, जड उचलायचं नाही. ऐकलं नाहीत, तर उद्या जेवायच्या काड्या हातात राहणार नाहीत." सकाळी तीन तास एक मदतनीस बाई येते. ती सासूबाईंना अंघोळ घालते, भरवते, फिरवते, पण रजया तिच्या कामात बसत नाहीत, तसा नियमच आहे. म्हणून मी ठरवलं की आता मशीनमध्ये धुता येईल असं हलकं अंथरूण-पांघरूण आणायचं. सकाळी टाकलं की दुपारी कोरडं. टाका नको, खळ नको.

नाश्त्याच्या वेळी नवऱ्याला सांगितलं. तो सूप पीत होता.

"आईला नायलॉनवर झोपवणार?"

"नायलॉन नाही हो. आता खूप मऊ कापडं मिळतात. दवाखान्यातसुद्धा हेच असतं."

"माझी आई जन्मभर कापसात झोपली आहे."

"झोपली. कारण पांघरत त्या होत्या आणि धूत मी होते."

यावर तो नेहमीचं बोलला. "एकदा ताईला विचार."

ताई म्हणजे माझ्या वन्सं, ह्वाजा. याच शहरात, टॅक्सीनं अर्ध्या तासावर राहतात. आईकडे येतात वर्षातून तीनदा: शरदातल्या सणाला, नव्या वर्षाला आणि आईच्या वाढदिवसाला. येताना नाशपातीची पेटी आणतात, आईचा हात हातात घेऊन बसतात आणि निघताना दारात रडतात. त्यांच्या त्या रडण्याचं नात्यागोत्यात फार कौतुक आहे. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते खोटं नाही, पण या डोंगराला माझ्या घरातल्या चादरीसुद्धा निवडायच्या होत्या.

ठरल्याप्रमाणे आम्ही दोघी सोमुन बाजारात भेटलो. अंथरुणाच्या गल्लीत मी आधीच एक दुकान हेरून ठेवलं होतं. दुकानदारीण साठीची, तोंडानं फटकळ, पण मालाची जाणकार. मी विचारायच्या आत तिनंच विचारलं, "घरात म्हातारं माणूस आहे का? अंथरूण भिजतं का?"

मी हो म्हणणार तोच वन्सं पुढे झाल्या. "छे, छे. आमच्या आईचं तसं काही नाही."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. त्याच दिवशी पहाटे मी त्यांच्या आईच्या अंगाखालचं काढून आले होते. हातांना साबणाचा वास होता. आणि या बाई भर बाजारात, अनोळखी माणसापुढे, माझं इतक्या महिन्यांचं काम पुसून टाकत होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"वन्सं, भिजतं. आठवड्यातून दोनदा भिजतं."

"हळू बोल ना. माणसाची काही अब्रू असते."

"अब्रू रोज कोण धुतं?"

दुकानदारीण मध्ये पडली. तिनं फिकट राखाडी रंगाचा एक संच काढला. खाली एक थर असा की पाणी गादीत उतरत नाही, वर पातळ पांघरूण, उशीला चेनचा अभ्रा. "हे मशीनमध्ये घाला. इस्त्री नको, काही नको. माझ्या सासूला हेच होतं. तीन वर्षं झोपली, पाठीला एक जखम नाही."

वन्संनी दोन बोटांनी कापड चिमटीत धरलं. "हे खेळाडूंच्या कपड्यांसारखं लागतंय. आई यात गुदमरेल. कापूस कसा, श्वास घेतो." आणि मागच्या फळीवरच्या जाड रजईकडे बोट केलं. "ती काढा. खोळ पांढरीच हवी, हातानं टाचायची. आईचं हे शेवटचं अंथरूण असेल कदाचित. लेक म्हणून एवढं तरी मी करायला हवं."

"धुणार कोण?" दुकानदारिणीनं विचारलं. प्रश्न तिनं विचारला, म्हणून मी तिला अजून मानते.

"आमच्या बोकसुनचा हात फार बसलाय त्यावर," वन्सं म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर थोपटलं. बैलाला थोपटतात तसं.

मी भांडले नाही. छत्तीस वर्षांची सवय एका दुपारी जात नाही. वन्सं घरी आल्या, रजई पसरली, आईला तिच्यात बसवलं, गालाला गाल लावला आणि फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या भावकीच्या गटावर फिरला. लेक असावी तर अशी, असं बारा-तेरा जणांनी लिहिलं. एका चुलतसासऱ्यांनी रडक्या चेहऱ्याचं चित्र पाठवलं. नवऱ्यानं मला फोन दाखवला, म्हणाला, "बघ, सगळ्यांना किती बरं वाटलं." सगळ्यांना म्हणजे कुणाकुणाला, ते मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी रजई भिजली. आरपार, कापसापर्यंत.

मी कात्री घेऊन बसले. पहिला टाका उसवला. डाव्या मनगटातून कोपरापर्यंत कळ गेली आणि कात्री हातातून सुटली. मी ती जमिनीवर पडलेली कात्री बघत बसले आणि स्वतःचाच इतका राग आला की रडूही येईना. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय, दुकानदारिणीला कळलंय, कळत नाही ते फक्त या घराला. आणि मी मुकाट्यानं पुन्हा कात्री शोधतेय.

मग मी उठले. लग्नातल्या भेटी बांधतात तसल्या मोठ्या रंगीत कापडात ती ओली रजई बांधली. मदतनीस बाई आली होती. तिला म्हटलं, "तू आजींजवळ थांब, मी वन्संकडे जाऊन येते." तिनं एक टोक धरलं, दुसरं मी. टॅक्सीवाला डिकी उघडताना नाकाला हात लावून म्हणाला, "ताई, यात काय आहे?"

"भेटवस्तू," मी म्हटलं.

वन्संच्या दिवाणखान्यात क्रीम रंगाचा गालिचा आहे. टॅक्सीवाल्याच्या हातभारानं बोचकं तिथवर आणलं आणि गाठ मी त्यावरच सोडली.

"अगं बाई, हे काय?"

"आईंचं अंथरूण. आज पहाटेचं."

"इथे कशाला आणलंस? लॉन्ड्रीत द्यायचं ना."

"तीन ठिकाणी विचारून झालंय. टाचलेला कापूस, त्यातून लघवीचा, कुणी घेत नाही. आधी उसवा, मग खोळ धुवा. खळ पातळ करा, नाहीतर गुठळ्या राहतात. कापूस दोन दिवस उन्हात घाला, दर तासाला उलटा."

"बोकसुन, तू रागावलीयस. माझं वय बघ. सत्तरीला आलेय मी."

"माझं मनगट बघा," मी म्हटलं आणि बाही वर केली. टाक्यांचा व्रण अजून लाल होता. ऑपरेशन झाल्यावर त्यांनी फोन केला होता, नाशपातीही पाठवली होती, पण हात कधी पाहिला नव्हता. त्यांनी तो पाहिला आणि लगेच खिडकीकडे बघितलं.

परत येताना मी बाजारात उतरले आणि राखाडी संच घेतला. दुकानदारिणीनं एक उशीचा अभ्रा जास्तीचा घातला. त्या रात्री सासूबाईंनी पांघरुणावरून हात फिरवला, नाकाला लावून पाहिलं, म्हणाल्या, "हलकं आहे." आणि झोपल्या. पुढच्या आठ दिवसांत ते तीनदा भिजलं, तीनदा मशीनमध्ये गेलं, तीनदा दुपारी कोरडं होऊन परत अंथरलं. कुणी गुदमरलं नाही. नवऱ्याच्या लक्षात यायला पाच दिवस लागले.

"ती रजई कुठेय?"

"ताईंकडे. एकदा ताईंना विचारा."

तो फोन घेऊन गॅलरीत गेला आणि दार लावून घेऊन बराच वेळ बोलला. परत आला तेव्हा जेवायला काय आहे एवढंच विचारलं.

रविवारी दुपारी वन्सं आल्या. त्यांच्या मागून रजईचं बोचकं घेऊन इमारतीचा रखवालदार. खोळ धुतलेली होती, पण खळीच्या गुठळ्या कापडावर चिकटल्या होत्या. वन्संचा आवाज बसलेला, नखं तुटलेली. भावकीच्या गटावर या आठवड्यात त्यांनी काही टाकलं नव्हतं.

"धुतली," त्या म्हणाल्या. "पण टाचता येत नाही. तू दाखव."

सासूबाईंच्या खोलीतच बसलो. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी सुईत दोरा ओवून दिला, कोपरा कसा दुमडायचा ते तोंडी सांगितलं आणि हात मांडीवर ठेवून बसले. वन्संनी तीन टाके घातले. चौथ्याला सुई बोटात घुसली, पांढऱ्या खोळीवर रक्ताचा ठिपका उमटला आणि त्या सत्तरीच्या बाईला रडू फुटलं. हे दारातलं रडणं नव्हतं, नाक वाहत होतं.

"आई," त्या म्हणाल्या, "बोकसुनला तू पहिल्या वर्षातच शिकवलंस. वाकडं झालं की सगळं उसवून पुन्हा करायला लावायचीस, मी बघितलंय. मग मला का नाही शिकवलंस कधी?"

सासूबाई अलीकडे अर्धं ऐकतात, अर्धं सोडून देतात. हे त्यांनी पूर्ण ऐकलं. लेकीचं बोट हातात घेतलं, त्यावर फुंकर घातली आणि लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं.

"तुला कशाला शिकवू गं? यानं हात जातात."

वन्सं आधी आईकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागल्या.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, आई," मी म्हटलं. "तेव्हाच ठाऊक होतं."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यात लाज नव्हती आणि रागही नव्हता. "नसायला काय झालं," त्या म्हणाल्या. "माझेही गेलेच की."

माझा राग तिथेच विरला असं मी म्हणणार नाही. तो आहे, आणि राहू दे. वन्संनी सुई माझ्याकडे सरकवली. मी ती उचलली नाही. थोड्या वेळानं त्यांनीच ती परत घेतली आणि पाचवा टाका घातला.