तीन कोरे तुकडे

बारामतीच्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत ज्ञानेशने माझ्यापुढे रिपोर्ट ठेवला आणि विचारलं, "मॅडम, पिशव्यांवर नंबर तुम्हीच टाकले होते ना?"

मी हो म्हणाले.

"मग या तीन नमुन्यांची माती बाकीच्यांपेक्षा चांगली आहे. नत्र बघा, सेंद्रिय कर्ब बघा. कुणाचं रान आहे हे?"

रान माझ्या चुलत्यांचं होतं आणि प्रयोग माझा. ती माती चांगली निघाली ही त्या दिवसातली सगळ्यात वाईट बातमी होती. ज्ञानेश बिचारा कौतुकानं बोलत होता. मी कागद घडी करून पर्समध्ये कोंबला आणि आभार मानायलाही विसरले.

मी नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात क्षारपड जमिनीवर पीएच.डी. करते. जमीन मात्र इथली, सणसरची, कालव्याचं पाणी पिऊन पिऊन पांढरी पडलेली. तात्यांच्या, म्हणजे चुलत्यांच्या, रानात मी उसाचे बारा तुकडे आखले आहेत. नऊ तुकडे वेगवेगळ्या तऱ्हांनी सुधारायचे: काहींना जिप्सम, काहींना प्रेसमड, म्हणजे साखर कारखान्यातली मळी, काहींत हिरवळीचं खत म्हणून ताग गाडायचा. उरलेल्या तिनांत फक्त ऊस आणि पाणी. शेणखत नाही, युरिया नाही, काही म्हणजे काही नाही. हे माझे कोरे तुकडे, आणि ज्ञानेशचे ते तीन नमुने यांतलेच. त्यांच्या शेजारी ठेवल्यावरच कळणार की बाकीच्या नवांत खरोखर काही फरक पडला का. कोरे बिघडले की बाराच्या बारा गेले.

पहिल्या वर्षीचा ऊस हुमणी किडीनं मुळासकट खाल्ला. त्यामुळे हा दुसरा हंगाम हेच माझं सगळं भांडवल होतं. करार ऑगस्टपर्यंत. पुढे मुदत द्यायची की नाही ते समिती फेब्रुवारीत ठरवणार, आणि ठरवणार ते याच आकड्यांवर. मुदत नाही तर व्हिसा नाही. व्हिसा नाही तर चार वर्षं घातली कशात, हे बारामतीच्या सोसायटीतल्या प्रत्येक जिन्यावर सांगत बसायचं.

आईची स्कूटी घेऊन मी सणसरला निघाले. पिंपळीच्या पुढे उसानं भरलेल्या ट्रॉल्यांची रांग होती. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, आणि प्रत्येकावर मोठ्यानं गाणी. मी त्या रांगेत धूळ खात चिडत राहिले. खरं तर मी जुलैपासूनच चिडलेली होते.

दर रविवारी तात्या खुणा केलेल्या बांबूनं उसाची उंची मोजून फोटोसकट मला पाठवायचे. जुलैत कोरा ऊस अचानक उंच व्हायला लागला. ऑगस्टमध्ये त्यानं जिप्समवाल्याला गाठलं. गाईड बाई आकड्यांकडे बघून म्हणाल्या, "इंटरेस्टिंग." त्या देशात हा शब्द ऐकला की समजावं, आपलं काही खरं नाही. मग मी चार महिने माझीच चूक शोधत होते. आकडेमोड पुन्हा केली, नकाशा पुन्हा काढला, पुस्तकं पुन्हा वाचली. तात्यांवर संशय आला नाही, कारण प्रत्येक फोनवर मी विचारायचे, "कोऱ्यात काय घातलं न्हाय ना?" आणि प्रत्येक फोनवर उत्तर यायचं, "न्हाय गं." शेवटी सुट्टी काढून मी इकडे आले आणि बाराही तुकड्यांची माती तपासायला दिली.

तिथलं राहणं म्हणजे काय हे घरी कुणाला मी कधी सांगितलं नाही. माळ्यावरची खोली, छत इतकं उतरतं की निम्म्या खोलीत वाकून चालायचं. घरमालकीण हीटरचा काटा स्वतः लावून जाते, त्याला हात लावलेला तिला चालत नाही. कचऱ्याची पिशवी चुकीच्या वारी बाहेर ठेवली तर चिठ्ठी येते. दात दुखला तर तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळते, तोवर दुखायचं आपोआप थांबतं किंवा आपल्याला सवय होते. बारा वाजले की सगळे ब्रेड आणि चीज काढतात आणि वीस मिनिटांत संपवतात. त्या वीस मिनिटांत त्यांच्या भाषेत विनोद होतात आणि कुणीतरी दयेनं माझ्यासाठी इंग्रजी करतं, तोवर सगळे हसून झालेले असतात. पाऊस आडवा येतो आणि मी सायकलवर असते. निवासाच्या कार्डाची मुदत वाढवायला गेलं की पत्त्याचा दाखला मागतात, पत्त्याचा दाखला काढायला गेलं की कार्ड मागतात. यातलं काहीही जीवघेणं नाही. पण रोज आहे.

सणसरला पोचले तेव्हा तात्या अंगणात फवारणीचा पंप उघडून बसले होते आणि शकुकाकी मेथी निवडत होती. मी गाडी लावली आणि पाणीही न घेता विचारलं, "तात्या, कोऱ्या तुकड्यांत काय घातलंय?"

"काय न्हाय."

"तात्या, माती तपासून आणलीय. कागद हाय माझ्याकडं."

तात्यांनी पंपाचं झाकण उगाच आवळलं, परत सैल केलं. मग काकीकडे बघितलं.

"सांगा आता," काकी म्हणाली. "कागदच आलाय म्हनल्यावर काय लपवायचं."

"मोठ्या बांधनीला घातलं," तात्या म्हणाले. "शेनखत, अन् तीन पोती मिश्रखत. तिन्ही तुकड्यांला सारखं घातलं, कमीजास्त न्हाय केलं."

मोठी बांधणी म्हणजे ऊस गुडघ्याच्या वर गेला की त्याच्या बुडाशी खत टाकून वर मातीची भर चढवायची. एकदा भर चढली की खत दिसत नाही. फोटोत तर नाहीच नाही. म्हणजे माझे वडीलधारे चुलते माझ्यापासून लपवून माझाच प्रयोग मोडत होते, आणि तेही टापटिपीनं.

माझा आवाज चढला. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. चार वर्षं म्हणाले, व्हिसा म्हणाले, खोटारडेपणा म्हणाले. खोटारडेपणा हा शब्द मी तात्यांना म्हणाले. तात्यांच्या तोंडावर आजवर त्या घरात कुणी असं बोललं नसेल. त्यांनी मान खाली घातली, आणि त्यानं माझा राग आणखीच वाढला.

"मी तीनदा बजावलं होतं," मी म्हणाले. "काय घालू नका म्हनून."

"बजावलंस की," काकी म्हणाली. "तवाच आमाला कळलं."

"काय कळलं?"

"तुझं खत पुरलं न्हाय ते. नऊ तुकड्यांला झालं अन् तीन तसंच ऱ्हायलं. अन् मागायची लाज वाटली तुला, म्हनून म्हनतीस घालू नका. ल्हानपनी बी तशीच व्हतीस. भूक लागली की तोंड फुगवून बसायचीस अन् म्हनायचीस, मला न्हाय खायचं."

मी पर्स खांद्यावरून काढून खाली ठेवली.

"फोनवर बगतो ना आमी," ती मेथीकडे बघत बोलत होती. "घरात बसून कोट घालतीस. मागं कायम ती एकच भित. जेवलीस का म्हनलं की व्हय म्हनतीस, काय जेवलीस म्हनलं की फोन कट व्हतो. हे म्हनले, पोरीचं तितं काय खरं न्हाय. तिला कळू न देता आपन घालू. तुला उगं कानकोंडं वाटू नये म्हनून न्हाय सांगितलं."

ही चूक जगात दुसऱ्या कुणी केली नसती. मी हे तीन तुकडे चाळीस परदेशी माणसांना पडद्यावर चित्रं दाखवून समजावले होते, आणि त्यांना ते समजले होते. ज्या दोघांच्या हातात ते तुकडे होते त्यांना मी फक्त हुकूम दिला होता. का, ते एकदाही सांगितलं नव्हतं. त्यांना काय कळणार, असं मी कधी मोठ्यानं म्हणाले नाही, पण माझ्या मनात तेच असणार. दुसरं कारण सापडत नाही.

थोड्या वेळानं तात्या म्हणाले, "तितल्या लोकांला कुठं ठावं हाय? तू लिही की, काय घातलं न्हाय म्हनून. मी कुनाला सांगनार न्हाय, ही बी न्हाय सांगनार."

ते अगदी मनापासून म्हणाले. आणि खरं सांगते, मी विचार केला. पंपाशेजारी उभी राहून पुरता विचार केला. सात हजार किलोमीटरवरून कोण येणार होतं आमच्या बांधावर उसाचं बूड उकरायला? पण मग बाराही तुकड्यांचा अर्थ असा निघणार होता की जिप्सम घाला, प्रेसमड घाला, ताग गाडा, काहीच न घालता येतो तेवढाच ऊस येतो. आणि कुणी हे वाचून इथल्या लोकांना सांगितलं असतं, की पांढऱ्या जमिनीवर मेहनत करू नका. ते माझ्यानं झालं नसतं.

दुपारचे दोन वाजले होते, तिथे सकाळचे साडेनऊ. मी तिथेच अंगणात गाईड बाईंना फोन लावला. जे झालं ते सांगितलं. त्यांनी विचारलं, हे कुणी केलं?

माझा चेहरा बघून तात्या पुढे आले. "बाईंला सांग, चूक आमची हाय. पोरीला काढू नगा म्हनावं."

मी तात्यांचं वाक्य इंग्रजीत केलं नाही. मी म्हणाले की तुकडे ज्यांच्या ताब्यात होते त्यांना कारण सांगायचं काम माझं होतं, आणि मी ते केलं नाही. मग त्या म्हणाल्या, हा हंगाम बाद धरावा लागेल. समितीला मी कळवते. समिती काय ठरवेल त्याची खात्री देता येत नाही. या वेळी त्या इंटरेस्टिंग म्हणाल्या नाहीत.

"काय म्हनल्या?" तात्यांनी विचारलं.

इतकी वर्षं अशा वेळी मी म्हणायचे, काही नाही, होईल सगळं. तेच ओठावर आलं होतं.

"बहुतेक गेलं, तात्या," मी म्हणाले. "हे साल तर गेलंच."

तात्या पंपापाशी जाऊन बसले आणि त्याला हातही न लावता बसून राहिले. काकीनं मेथीच्या काड्या बाजूला लोटल्या. "आता तरी सांग," ती म्हणाली, "त्या तीन तुकड्यांला उपाशी ठेवून तुला काय मिळनार व्हतं?"

मग मी सांगितलं. अंगणात, शेणानं सारवलेल्या जमिनीवर बोटानं बारा चौकोन काढून. हे सुधारलेले, हे तसेच. तसेच असलेले शेजारी नसतील तर सुधारलेले किती सुधारले ते कळत नाही. चित्रं नव्हती, पडदा नव्हता, पाच मिनिटं लागली.

"म्हंजी," काकी म्हणाली, "जे हाय ते हाय तसंच दिसू द्यायचं. त्यावर मलमपट्टी करायची न्हाय."

"व्हय."

"येवढंच व्हतं व्हय." तिनं लुगड्याला हात पुसले आणि माझ्यासमोर नीट मांडी घालून बसली. "मग आता तसंच सांग. तितं कशी हाईस तू?"

"काकी, मला तितं करमत न्हाय," मी म्हणाले. "एक दिवस करमत न्हाय. अन् काम सोडून मला परत बी यायचं न्हाय."

तात्यांनी तिकडून मान वर केली. काकीनं त्यांना हातानं गप्प बसायला सांगितलं. तिनं मलाही समजावलं नाही, होईल सगळं असंही म्हणाली नाही. ती म्हणाली, "हं," आणि पुढचं ऐकायला तशीच बसून राहिली.