विसण राहिलं

मी मग बोलतोय. 'मग पुढे काय झालं' यातला नव्हे. बादलीत बुडणारा, निळा, प्लॅस्टिकचा मग.

मला आणलं ते दोन महिन्यांच्या एका बाळासाठी. घरात बाळ, तिची आई आणि आईचे वडील. आजोबांनी चाळीस वर्षं लाँड्रीत इस्त्री फिरवली होती. नातीचे केस धुवायचं काम त्यांनी हट्टाने मागून घेतलं, आणि करायचेही फार मायेने. डाव्या हातावर तिला आडवं घ्यायचे, मान तळव्यात धरायचे, साबण बोटांच्या पेरांनी लावायचे. टाळूपाशी आले की मला अगदी थेंबथेंब कलतं करायचे.

"बाबा, पाणी कोपराने बघायचं म्हणाल्यात नर्सबाई," मुलगी सांगायची.

"मला शिकवतेस? वाफेत हयात गेली माझी."

तिथेच सगळं घोडं अडलं होतं. इस्त्रीने त्यांची बोटं निबर झाली होती, ऊन-गार काही कळत नव्हतं. मुलीला ते ठाऊक होतं. पण म्हाताऱ्याचं मन कशाला मोडा, म्हणून कढत पाण्यात गार पाण्याचं विसण ती आधीच गुपचूप घालून ठेवायची.

एका सकाळी ती दूधवाल्याशी बोलत राहिली आणि विसण राहिलं. आजोबांनी बोटं बुडवली. "कोमट आहे," म्हणाले. मला चटका कळला होता. पण मला तोंड आहे ते ओतण्यापुरतं.

बाळ किंचाळलं. डोकं लालबुंद झालं. मलमाने आठवड्यात बरं झालं, डागही राहिला नाही.

"कळत नव्हतं तर सांगायचं ना, बाबा," मुलगी रडत म्हणाली. विसणाचं मात्र तिने आजतागायत सांगितलेलं नाही. आजोबांना वाटतं, इतके दिवस आपल्याला कळत होतं आणि त्याच दिवशी आपण हलगर्जीपणा केला.

नात आता तीन वर्षांची आहे. माझी कड तडकली आहे. काल मला घेऊन ती त्यांच्यापुढे उभी राहिली. "आबा, तुम्ही घाला पाणी."

"घाला ना, बाबा. मी बघितलंय पाणी," आई म्हणाली.

त्यांनी मला हातात घेतलं, बराच वेळ धरलं आणि खाली ठेवलं. "तुझी आईच छान घालते," म्हणाले आणि बाहेर गेले.

बाळाला न्हाऊ घालणाऱ्यांनो, पाणी कोपराने बघा. आणि घरातल्या थकल्या हातांना काही कळेनासं झालं असेल, तर तसं त्यांना सांगून टाका. वाईट वाटेल त्यांना. पण नातीला न्हाऊ घालायचं सुख तरी हातचं जाणार नाही.