पाच गोलांची बातमी

कात्रीने टेबलावरचे चहाचे कप बाजूला सारले, तिने लिहिलेल्या बातमीचा कागद तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाला,

"वाच. मोठ्यानं."

कॉलेजच्या पाक्षिकाचा हा संपादक तिसऱ्या वर्षाला होता. मजकूर छाटताना तो दयामाया दाखवत नसे, त्यामुळे सगळे त्याला कात्रीच म्हणत; खरं नाव कधीच मागे पडलं होतं. त्याचा एक नियम होता. ज्याच्यावर लिहिलंय त्याला छापण्याआधी समोर बसवायचं आणि मजकूर वाचून दाखवायचा. तिला हा निव्वळ छळ वाटत होता. तिची बातमी पहिल्यांदाच पहिल्या पानावर जाणार होती, आणि ती फक्कड जमलीय याबद्दल निदान तिला तरी शंका नव्हती.

समोर गोलकीपर बसला होता. अंतिम सामन्यात पाच गोल खाल्लेला, तोच. त्याचे गुडघे टेबलाखाली मावत नव्हते.

ती वाचू लागली.

"आपल्या गोलकीपरने पाहुण्यांचा मान राखला. दाराशी आलेल्या एकाही चेंडूला त्याने रिकाम्या हाती परत पाठवलं नाही."

होस्टेलवर या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या. इथे तिचा आवाज मध्येच उतरला. गोलकीपर हसला. जरा उशिरा, पण हसला.

"एकच सांगू?" शेवटी तो म्हणाला. "चौथा गोल पेनल्टीचा होता. बाकी बरोबर आहे."

तिने समासात 'पेनल्टी' लिहिलं. एरवी शब्दाशब्दाला नाक मुरडणारा कात्री आज खिडकीबाहेर बघत बसला होता. तिला त्याचा रागच आला. एखादं वाक्य त्याने उडवलं असतं, तर भांडता तरी आलं असतं.

गोलकीपर उठला आणि दाराशी घुटमळला.

"दोन अंक मिळतील का? एक आईला पाठवायचाय. आमच्या घरात आजवर कुणाचं नाव छापून आलं नाहीये."

"मिळतील की," कात्री म्हणाला.

तो गेल्यावर ती कात्रीकडे वळली. तिचे कान तापले होते.

"तू का नाही कापलंस ते?"

"वाक्य चांगलंय," कात्री म्हणाला. "आणि तुझंय."

तिने पेन उचललं. पाहुण्यांच्या वाक्यावर रेघ मारताना जीव तुटला, मग पुढची वाक्यं भराभर गेली. खाली उरली तारीख, मैदान, त्याचं नाव आणि पाच गोल. एवढंच? सामना तर तिने बाकावर बसून पूर्ण पाहिला होता. तिला स्वतःची लाज वाटली.

ती उठून धावली. तो जिन्यात भेटला.

"ए, थांब ना! तू अडवलेस किती?"

तो दोन पायऱ्या वर आला. तिच्या हातातल्या पेनाकडे त्याने पाहिलं.

"अडवलेले?" त्याने विचारलं. "ते पण लिहितात?"