डबीत गेलेला नंबर

मित्रांनो, मी एक जुने सिमकार्ड आहे. माझा आकार करंगळीच्या नखाएवढा, पण तक्रार मोठी आहे. ती आज मी सांगणार आहे आणि गोड बोलणे मला जमणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कुठल्या कारखान्यात मी जन्मलो ते मला आठवत नाही. आठवते ते विक्रोळी स्टेशनजवळचे मोबाइलचे दुकान. नऊ वर्षांपूर्वी सुगंधाआजी तिथे आल्या. दुकानदाराने त्यांचा अंगठा यंत्रावर चारदा दाबून घेतला, कारण भांडी घासून घासून त्यांच्या बोटांच्या रेषा पुसट झाल्या होत्या. मग त्याने मला मोठ्या कार्डातून मोडून काढले आणि त्यांच्या बटणांच्या फोनमध्ये बसवले. आजी माझे दहा आकडे पुटपुटत निघाल्या. कन्नमवार नगरात घरी पोचेपर्यंत मी त्यांना तोंडपाठ झालो होतो.

पहिला फोन त्यांनी लावला तो कुडाळजवळच्या गावी, थोरल्या भावाला, म्हणजे लवूमामांना. मामांनी चुलीतला कोळसा घेतला आणि माझे आकडे दाराच्या मागे भिंतीवर ठळक लिहून ठेवले. तिकडे नंबर असेच ठेवतात. वही हरवते, फोन बिघडतो, भिंत कुठे जाणार? दर रविवारी आजी फोन करत. मामांशी बोलणे झाले की त्यांची म्हातारी आई फोन घेई आणि एकच प्रश्न विचारी, "जेवलंस गो?" मधल्या वारी काही निघाले तर मामा भिंतीकडे बघून मला फोन लावत. नऊ वर्षांत त्यांचा एकही फोन मी चुकवला नाही. "माझा नंबर झकास आहे, कधी दगा देत नाही," असे आजी शेजारणींना सांगत, तेव्हा मला केवढा अभिमान वाटे!

मग आजींचा मुलगा राजेश याने त्यांना मोठा फोन आणून दिला. त्याच्यासोबत नवा नंबर आला. आता माझे काय करायचे? माझे वर्षभराचे रिचार्ज नुकतेच झाले होते आणि त्यात रोजचा भरपूर डेटा होता. राजेशने वायफायची एक छोटी डबी विकत घेतली.

"आई, हे सिम डबीत टाकतो. ऋतिकाच्या क्लासला नेट होईल. फुकट कशाला घालवायचं?"

"अरे, पण लवूदादाचा फोन आला तर?"

"मामाला मी सांगतो गं. आणि तू दर रविवारी नव्या नंबरवरूनच करणार ना? मग त्याच्याकडे आपोआप जाईल. टेन्शन नको घेऊस."

आजींनी विश्वास ठेवला. मीही ठेवला. राजेशने नवा नंबर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि विसरून गेला. मामांकडे साधा फोन, त्यात कसले व्हॉट्सअ‍ॅप? रविवारी बहिणीचा आवाज ऐकू येई, पडद्यावर कुठले आकडे आहेत ते मामा कशाला बघतील? त्यांचा नंबर भिंतीवर होता आणि तो मीच होतो.

डबीला कानही नसतो आणि तोंडही नसते. तिला खिडकीच्या ग्रीलला बांधले होते, खाडीकडे तोंड करून, कारण तिथे रेंज चांगली येई. आत बसून मी ऋतिकाला, म्हणजे राजेशच्या मुलीला, दिवसभर नेट पुरवत असे. पण मला कोणी फोन केला तर त्याला 'संपर्क क्षेत्राबाहेर' एवढेच ऐकू जाई. मेसेज मात्र पोचत. ते फोनवर उघडणाऱ्या डबीच्या सेटिंगच्या पानावर साठून राहत, आणि ते पान कोणी उघडत नसे.

मार्च महिन्यात एका सोमवारी मामांचा फोन आला. मग पुन्हा आला. दिवसभरात नऊ वेळा. मी तडफडत होतो, पण वाजणार कुठून? संध्याकाळी मेसेज आला. मामांना आकडे सोडून काही लिहिता येत नव्हते, म्हणून गावच्या आशा आरोग्यसेविकेने, श्वेताने, तो लिहून दिला होता. मंगळवारी दुसरा आला. बुधवारी तिसरा. त्याच बुधवारी पासवर्ड बदलायला राजेशने डबीचे पान उघडले. कोपऱ्यात लाल आकडा दिसत होता. "कंपनीच्या जाहिराती," असे म्हणून त्याने पान मिटून टाकले. मित्रांनो, त्या क्षणी त्याने बोट थोडे वर नेले असते तर पुढचे काही घडले नसते.

गुरुवारी चौथा मेसेज आला, आणि शुक्रवारी राजेशच्या फोनवर गावच्या ग्रुपमध्ये ऋतिकाच्या पणजीचा हार घातलेला फोटो आला. आपली आई गेली, हे आजींना त्या फोटोवरून कळले.

गावी पोचेपर्यंत अग्नी देऊन झाला होता. राजेशने डबी बॅगेत घेतली होती, म्हणून मीही त्या घरात होतो. दारामागची भिंत ओल्या फडक्याने पुसलेली होती. मामा घरापुढच्या खळ्यात बसले होते. आईला ही भावंडे 'आवस' म्हणत. ते बहिणीला म्हणाले, "चार दिस आवशीन तुझा नाव घेतल्यान. शेजारचो नितेश म्हणता, तू माका बलॉक केलंस."

"दादा, देवाशप्पथ, एकपण फोन नाय इलो!"

"आवस गेल्यार तरी खोटा बोला नको."

आजींचा फोन खरेच कोरा होता. त्यांना वाटले, दादाच खोटे बोलतो. खरे काय ते फक्त मला ठाऊक होते, आणि मी बॅगेत चार्जरखाली पडलो होतो.

तीन महिने दोघे बोलले नाहीत. जूनमध्ये नेट मंद झाले म्हणून ऋतिकाने डबीचे पान उघडले, तेव्हा तिला मेसेज दिसले. तिने आजीला हाक मारली आणि वाचून दाखवले.

'आवस पडली. फोन उचल.'

'डॉक्टर येवन गेलो. तुझा नाव घेता.'

'आवस इचारता, सुगंधा जेवली काय?'

'माझ्यार रागावलंस? माझ्यार रागाव, आवशीर नको.'

"मला वाटलं जाहिराती आहेत गं," राजेश म्हणाला. आजी त्याच्याकडे बघतही नव्हत्या. त्यांनी मला डबीतून काढायला लावले, आपल्या फोनमध्ये बसवले आणि माझ्यावरून मामांना फोन लावला. काय घडले ते सांगितले. मग रडत रडत चारही मेसेज वाचून दाखवले.

मामांनी शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाले, "माका कित्याक वाचून दाखवतंस? मीच सांगलेलंय ता. आवशीक वाचून दाखव."

फोन बंद झाला.

मित्रांनो, नवा नंबर खुशाल घ्या, जुन्याचा डेटाही वापरा. पण आम्हाला डबीत टाकण्यापूर्वी, ज्या माणसाला आमच्याशिवाय तुमचा दुसरा पत्ता ठाऊक नाही, त्याला स्वतः फोन करा. नवे आकडे सांगा आणि त्याच्या तोंडून परत म्हणवून घ्या. 'कोणीतरी सांगेल' असे म्हणू नका, कोणी सांगत नाही. माझा सगळ्यांनी विश्वासघात केला, आणि माझ्या हातून लवूमामांचा करवला. आता आजी दर रविवारी माझ्यावरून फोन लावतात. मामा उचलतात, "बरा आसंय" म्हणतात आणि ठेवून देतात. माझी रेंज पूर्ण आहे, आवाजही मोठा करून ठेवला आहे. पण मधल्या वारी मामांचा फोन अजून एकदाही आलेला नाही.