कोचीला उतरलेली शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे आणि मला हळू बोलता येत नाही, हे आधीच सांगून ठेवते. कानाला त्रास झाला तर जरा लांब बसा.

उत्तरेकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पितळेचा पत्रा वळवून मला आकार दिला, पोटात बुचाची गोळी घातली आणि फौजेत पाठवलं. तिथे मी हवालदार कृष्णात यांच्या गळ्यात आले. त्यांनी मला फुंकलं की सगळे जवान एका पावलात चालायचे. काय तो माझा रुबाब! पुढे हवालदार निवृत्त होऊन वडूजला आले आणि भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना माळावर पळवू लागले. तिथेही माझा दरारा होता. मग हवालदारांचे गुडघे दुखू लागले आणि मी खुंटीवर गेले. इतकी धूळ बसली की पोटातली गोळीसुद्धा हलेना. मला फार वाईट वाटायचं.

अशात त्यांच्या मुलाने, शिवतेजने, सगळ्या घराची जहाजाची सहल ठरवली. मुंबईहून निघायचं, गोव्याला थांबायचं, मग कोची आणि परत. हवालदारांच्या पत्नी रंगूबाई आधी समुद्राला घाबरून नको म्हणाल्या. कोचीचं नाव ऐकलं मात्र, लगेच पिशवी भरायला बसल्या. कोचीला त्यांची धाकटी बहीण दगडाबाई राहते. आमच्या भागातली कितीतरी माणसं गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे जुने दागिने वितळवून शुद्ध सोनं काढून द्यायला, देशभर पसरली आहेत. दगडाबाईंचे यजमान त्यातलेच. पूर्वी त्या दरवर्षी जत्रेला यायच्या. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि ते येणं बंद झालं. फोनवर रोज बोलायच्या, पण बहिणीबहिणींची गाठ पडून कैक वर्षं झाली होती.

हवालदारांनी मला चिंच लावून घासलं आणि गळ्यात अडकवलं. मी पुन्हा लखलखले!

जहाजावर काम करणाऱ्या एका मुलीने नियम समजावला. जहाजाने नेलेल्या सहलीला उशीर झाला, तर जहाज थांबतं. आपापलं फिरायला गेलात, तर थांबत नाही. हे ऐकून हवालदारांनी मला मुठीत घट्ट धरलं. आमचं तर सगळं आपापलंच ठरलं होतं.

गोव्यात त्यांनी परतायच्या वेळेतून एक तास कापला, रस्त्याचा भरवसा नाही म्हणून आणखी एक, आणि असू दे हाताशी म्हणून तिसरा. नातवंडांचे पाय लाटेत जेमतेम भिजले आणि मी किंचाळले. आम्ही परत आलो, तेव्हा बाकीचे लोक अजून फिरायला निघत होते.

"आवं, जहाजाचा दरवाजा बघाय आलोय व्हय आपण?" रंगूबाई कडाडल्या.

"चुकलं असतं तर पवत जाणार व्हतीस का वडूजला?" हवालदार म्हणाले.

कोचीला मात्र उतरण्याआधी रंगूबाईंनी नवऱ्यापुढे हात पसरला. "आज शिट्टी माज्याकडं. मी वाजवीन तवाच निघायचं."

हवालदारांनी मला मुकाट्याने काढून दिलं. साऱ्या फौजेत असा हुकूम त्यांना कुणी दिला नसेल.

रस्त्यात गाड्यांची ही गर्दी! दगडाबाईंच्या घरी पोचेपर्यंत आमचा अर्धा वेळ संपला होता. बहिणी दारात गळ्यात पडल्या. डोळे पुसतात न पुसतात, तोच दगडाबाई स्वयंपाकघरात पळाल्या. मटण शिजायचं होतं, भाकरी थापायच्या होत्या, खीर आटवायची होती. आक्काला जेवल्याबिगर सोडायचं म्हणजे काय!

रंगूबाई बाहेर बसल्या. आतून नुसती भांडी वाजत होती. आपल्याकडे असंच होतं बघा, ज्याच्यासाठी जीव टाकायचा त्याला बाहेर बसवायचं आणि आपण चुलीशी रमायचं. हवालदार घड्याळ बघत होते, पण दिलेला शब्द मोडत नव्हते. शेवटी सून अंकिता सासूच्या कानाशी लागली. "आई, आता निघालो नाही तर जहाज जाईल."

बहिणीशी अजून धड बोलणंही झालं नव्हतं. रंगूबाई उठल्या, थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी मला तोंडात घालून असं फुंकलं की दगडाबाईंच्या हातातली पळी पडली!

"दगडे, ग्यास बंद कर. शिजलंय त्येवढं बास. मी मटण खायला न्हाई आले, तुला बघाय आले. पातेलं उचल आन् गाडीत बस."

"आवो आक्का, आत्ती एकट्या..."

आतल्या खाटेवरून सासूबाई ओरडल्या, "जा की गं! शेजारीण बसंल माज्यापाशी. मी काय पळून चाललीय व्हय?"

मग काय विचारता! पातेल्याला फडकं बांधून ते शिवतेजच्या मांडीवर दिलं. दोघी बहिणी मागच्या सीटवर चिकटून बसल्या आणि जे काही बोलायला लागल्या, ते बंदर आलं तरी थांबेनात. परतताना रस्ता मोकळा मिळाल्याने हाताशी थोडा वेळ उरला, म्हणून बंदराच्या फाटकाबाहेर एका झाडाखाली चादर अंथरली. समोर जहाज उभं होतं. जहाज डोळ्यांसमोर असल्यावर हवालदार पहिल्यांदाच निवांत झाले आणि रस्सा मागून मागून जेवले. दगडाबाईंनी तिथेच बहिणीची ओटी भरली. एवढा आनंद मी कुठल्या संचलनातही पाहिला नाही.

वेळ झाली. रंगूबाईंनी मला ओठांशी नेलं, पण फुंकर निघेना. त्यांनी मला बहिणीच्या हातात दिलं. "तूच वाजीव गं. मला न्हाई जमत."

दगडाबाईंनी डोळे मिटून मला वाजवलं. हसत होत्या आणि रडतही होत्या, त्यामुळे माझा सूर पार वाकडा निघाला. हवालदारांनी तरी सगळ्यांना रांगेत फाटकातून आत नेलं. दगडाबाईंना मग माझी आठवण झाली. "आक्का, शिट्टी ऱ्हायली!"

रंगूबाई आतूनच ओरडल्या, "ऱ्हाऊ दे! आत्तींच्या उशाशी ठिव. त्येंनी वाजीवली की तू पळत ये. तवर दारात बस, चार बायकांत बोल."

तेव्हापासून मी कोचीला, सासूबाईंच्या उशाशी असते. पाणी हवं असलं की त्या मला फुंकतात, आणि कधीकधी नुसतीच गंमत म्हणूनही. दगडाबाई आता शेजारणीकडे जाऊन बसतात, खालच्या दुकानात चक्कर मारून येतात. मित्रांनो, वस्तू जुनी झाली म्हणून खुंटीला लावू नका, ती कुणाच्या कामाची आहे ते बघा. मला वाजवून झालं की तेवढं पुसून ठेवा, सासूबाईंना पानाची सवय आहे. आणि लांबून आलेल्या माणसाकडे वेळ थोडा असेल, तर आधी गॅस बंद करा आणि त्याच्याजवळ जाऊन बसा.