धिंगरीचा वाफा

आवडाबाईने जावेच्या वाफ्यावरच्या गोणपाटाचं टोक दोन बोटांनी उचललं आणि आत डोकावून पाहिलं. लाकडाच्या ढलप्यांवर पांढरी जाळी धरली होती, दुधावर साय धरावी तशी. तिने गोणपाट सोडलं, पदराला बोटं पुसली आणि बुटक्या भिंतीच्या अलीकडे, आपल्या अंगणात आली. तिच्या वाफ्यातल्या ढलप्या होत्या तशाच होत्या, ओल्या आणि काळपट.

खरं तर दोन्ही वाफे एकाच दिवशी झाले होते. धाकटी जाऊ वच्छला शहरात कुठल्याशा शिबिराला जाऊन धिंगरी अळिंबी लावायचं शिकून आली. येताना बियाण्याची पिशवी घेतली आणि पडेगावच्याच निजामुद्दीन सुताराकडून सुबाभळीच्या ढलप्या आणल्या. सावलीत ढलप्यांचा थर द्यायचा, त्यावर बियाणं, पुन्हा ढलप्या आणि वर ओलं गोणपाट. "जाऊबाई, अर्धं बियाणं तुम्हाला," म्हणून तिने पिशवी समोरच फोडली आणि मोठ्या मनाने वाटणी केली. आवडाबाईला आता त्या मोठ्या मनाचाच संशय येत होता. मेलेलं तेवढं माझ्या वाट्याला घातलं असणार! नाहीतर आपल्या वाफ्याची तिने वच्छलापेक्षा जास्तच काळजी घेतली होती, आणि तीही तिला न सांगता.

हेवा अळिंबीचा नव्हता. कुत्र्याच्या छत्र्या त्या, त्यांचा कसला हेवा! हेवा होता सासऱ्याच्या ताटाचा. चुली वेगळ्या झाल्या त्या दिवशी तात्यासाहेब कोणाला न विचारता आवडाबाईच्या स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसले आणि तेव्हापासून तिथेच जेवत आले. रस्सा खावा तर आवडाच्या हातचा, असं ते चारचौघांत सांगत. नवऱ्याने तिला आयुष्यात कधी बरं म्हटलं नाही. कोणी बरं म्हटलेलं असं हे एवढंच होतं, आणि ते तिने अंगावरच्या सोन्यासारखं जपलं होतं.

आता म्हाताऱ्याचे दात गेले आणि मटण सुटलं. तेवढ्यात वच्छलाने सांगितलं की धिंगरीचा रस्सा थेट मटणासारखा लागतो, वर चावायची कटकट नाही. झालं! म्हातारा रोज सकाळी काठी टेकत वच्छलाच्या वाफ्यापाशी जाऊन उभा राहू लागला.

"काय म्हंती धिंगरी?" आवडाबाईने एकदा जेवताना विचारलं.

"लई झाक धरलीय," तात्यासाहेब म्हणाले. "तुझ्यात कामून न्हाई धरली?"

ते 'कामून' तिला दिवसभर टोचत राहिलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी वच्छला मातीचे बैल आणायला शहागंजच्या बाजारात गेली. तात्यासाहेब दुपारचे पडले होते. आवडाबाई घमेलं घेऊन पलीकडे गेली. वाफ्याच्या कोपऱ्यातल्या, जाळी धरलेल्या ढलप्या तिने घमेलंभर उचलल्या. खड्डा दिसू नये म्हणून तिथे आपल्या वाफ्यातल्या काळ्या ढलप्या भरल्या आणि गोणपाट होतं तसं सारखं केलं. जावा-जावा, उभा दावा, हे खरंच. पण चोरी तिने जन्मात केली नव्हती. तरीही बरं वाटत होतं.

ते बरं वाटणं काही टिकलं नाही. चोरून आणलेली जाळी तिच्या वाफ्यात पिवळी पडली आणि सुकून गेली. पलीकडे मात्र पोळा झाल्यावर धिंगरी अशी फुटली की गोणपाट वर उचललं गेलं.

मग एका सकाळी वच्छला टोपलं भरून घेऊन आली आणि ओट्यावर टेकली.

"जाऊबाई, तुमच्या वाफ्यात कडुनिंब घातला व्हता का?"

"कोण म्हंतं?"

"ईचारते आपली. शिबिरात सांगितलं व्हतं, कडुनिंब पडला की ही धरतच नाय. बुरशीच की ती. मरून जाती."

आवडाबाईने घातला होता. गव्हाच्या कोठीत कीड लागू नये म्हणून ती दरसाल लासूर स्टेशनजवळच्या माहेराहून वाळला पाला आणायची. त्यातलाच मूठमूठ पाला तिने वाफ्याच्या प्रत्येक थरात पेरला होता. आपला वाफा किडू नये. तिचा किडला तर किडू दे.

वच्छलाने मूठ उघडली. तळहातावर कुजून काळी पडलेली पानं होती, पण करवतीसारख्या कडा ओळखू येत होत्या. वच्छला आपल्या गव्हात पावडर घालायची, पाला कधीच नाही. दोघींनाही ते माहीत होतं.

"माझ्या एका कोपऱ्यात निघाली," ती म्हणाली. "तेवढ्या कोपऱ्यात एक छत्री आली नाय."

"वाऱ्यानं आली असतील."

"गोणपाटाखाली?"

वच्छलाने पानं ओट्यावर ठेवली आणि टोपलं पुढे सरकवलं.

"करा रस्सा. काल मामंजींना म्हणलं, उद्या माझ्याकडं जेवा. तर म्हणले, आवडाकडं नेऊन दे, तिच्याच हातचा खाईन." तिचा आवाज बारीक झाला. "चुली येगळ्या झाल्या तवापासून एकडाव माझ्या चुलीपाशी बसले नाईत. त्याच्यासाठीच तर लावली व्हती मी ही."

आवडाबाईला आधी आनंदच झाला, खोटं कशाला बोला. मग तिची नजर ओट्यावरच्या पानांवर गेली.

ती उठली. पाटा ओढून तिने भाजलेलं खोबरं, तीळ, कांदा, लसूण, सुक्या मिरच्या आणि दगडफूल वाटायला घेतलं. वच्छला उभी राहून पाहत होती. वाटण गंधासारखं मऊ झालं तेव्हा आवडाबाईने त्याचा गोळा वाटीत घातला आणि वाटी टोपल्यात ठेवली.

"फोडणी तू घाल. मी त्यांना तिकडं धाडते. माझं डोकं दुखतंय म्हणून सांगते."

"आन् त्यांनी ईचारलं तर?"

"काय ईचारतील? रस्सा तुझा हाय."

दुपारी आवडाबाई पाटा धुवायला भिंतीलगतच्या मोरीत बसली. भिंतीपलीकडे ताट मांडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ नुसता भुरका.

"वच्छला," तात्यासाहेब म्हणाले, "लई झाक. अजून वाढ."

पळी पातेल्याला लागल्याचं ऐकू आलं.

"खरं सांगतो, आवडाला बी असा कधी जमला न्हाई."

आवडाबाईचा हात पाट्यावर थांबला. वच्छला आता बोलेल, वाटण कोणाचं ते सांगेल, म्हणून तिने कान दिला.

"भाकर देऊ का, मामंजी?" वच्छलाने विचारलं.

आवडाबाईचे हात तिखटाने भगभगत होते. तिने पाट्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि धुतलेला पाटा पुन्हा धुवायला घेतला.