राखणीची आमदारकी

“सिस्टरबाई, खुर्ची जरा मागच्या रांगेत घेऊ का? धाकट्या साहेबांचे मित्र आलेत.” मांडववाल्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता खुर्चीला हात घातला. बाई अजून तिच्यावर बसलेल्याच होत्या.

त्या उठल्या. या प्रसूती विभागासाठी मंत्रालयाचे जिने झिजवले होते ते त्यांनीच, आणि मतदारसंघाच्या आमदारही त्याच होत्या. उद्घाटनाची कात्री मात्र धाकट्याच्या हातात होती. त्या मागच्या रांगेत जाऊन बसल्या.

दहा वर्षांपूर्वी त्या याच सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. तेव्हा साहेब आमदार होते. एका खटल्यात ते दोषी ठरले, निवडणूक लढवायला बंदी आली आणि घरात रडारड सुरू झाली. मुलगा, म्हणजे हा धाकटा, तेव्हा अवघा पंधरा वर्षांचा. जागा तर घरातच राहायला हवी. भावाला बसवलं तर भाऊ उठायचा नाही, मेहुण्याला बसवलं तर तो बहिणीलाच फितवेल. शेवटी साहेबांच्या बायकोनेच तोडगा काढला. “त्या सिस्टरबाई बघा की. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत.”

साहेब दवाखान्यात आले. “बाई, इंजेक्शनं काय कुणीही देईल. तुम्ही आमदार व्हा.”

बाईंना वाटलं, साहेबांना ताप आहे. पण लोकांनी त्यांना भरभरून मतं दिली. बाळंतपणाला जिने कधी चिरीमिरी घेतली नाही, ती आमदार होऊन काय खाणार, असा साधा हिशेब.

पहिली दोन-तीन वर्षं साहेब सांगतील तिथे हात वर आणि साहेब सांगतील तिथे सही, एवढंच काम होतं. मागून लोक त्यांना रबरी शिक्का म्हणत. बाईंच्या कानावर ते यायचं, पण त्यात खोटं काय होतं? मग एके दिवशी डोंगराकडच्या वस्तीवरचा एक म्हातारा दारात आला. त्याची सून बाळंतपणासाठी जिल्ह्याला नेताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतच गेली होती. मूलही गेलं. त्याने काही मागितलं नाही. नुसता म्हणाला, “तुम्ही नर्स होता तेव्हा बरं होतं, बाई. निदान दार तरी उघडत होता.”

त्या अधिवेशनात बाई पहिल्यांदा बोलायला उभ्या राहिल्या. आमच्या दवाखान्यात प्रसूती विभाग कधी होणार, असं त्यांनी विचारलं. समोरून मंत्र्याने विचारलं, “ताई, हा प्रश्न आहे की रडगाणं?” सगळं सभागृह हसलं. बाईंनी हसणं संपू दिलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. पुढच्या अधिवेशनातही विचारला. त्यांना बघून सचिव जेवणाची सुट्टी आधी घेऊ लागले. दुसऱ्यांदा निवडून आल्यावर विभाग मंजूर झाला, तेव्हा साहेब हसत म्हणाले, “बाई, तुम्ही आमदारकी फारच मनावर घेतलीत हो.”

आणि आज व्यासपीठावर, पंचवीस पूर्ण झालेला धाकटा माईक धरून उभा होता.

“मी जन्मलो तेव्हा मला सगळ्यात आधी उचलून घेतलं ते सिस्टरबाईंनी! ज्या हातांनी मला जगात आणलं, तेच हात मला विधानसभेत पाठवणार!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांनी माना वळवून मागच्या रांगेकडे पाहिलं. बाईंनी हात जोडले. तिथे दुसरं करणार काय?

संध्याकाळी त्या साहेबांच्या बंगल्यावर गेल्या. “मला कुणी विचारलंसुद्धा नाही, साहेब.”

“विचारायचं काय त्यात? दहा वर्षं जागा राखलीत. उपकार विसरणार नाही.”

“मी राखण करत नव्हते. मी काम करत होते.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “बाई, सुईण मूल जगात आणते. ते मूल आपलंच आहे असं म्हणत नाही ती.”

बाई चालत घरी आल्या. नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि तोंडातली टाचणी काढून म्हणाला, “उभी राहा. पडलीस तर पडलीस. निदान स्वतःच्या पायावर पडशील.”

त्यांनी अपक्ष अर्ज भरला. चिन्ह मिळालं शिलाई मशीन. “चला, चिन्ह तरी आपल्या घरचं मिळालं,” नवरा म्हणाला आणि त्या बऱ्याच दिवसांनी हसल्या. गाडी साहेबांची होती, ती गेली. तिच्याबरोबर दहा वर्षं सोबत असलेला ड्रायव्हरही गेला. नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून त्या दारोदार फिरल्या. लोक पाणी देत, बसा म्हणत, आणि दार अर्धं लोटून घेत. “मत तुम्हालाच, बाई. पण तेवढं पत्रक दारावर नका चिकटवू.”

मतदानाला आठवडा राहिला असताना साहेब स्वतः दुकानात आले आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. नवऱ्याने मान वर केली नाही.

“तुमच्या विभागाला कुलूप आहे म्हणे,” साहेब म्हणाले.

“डॉक्टरच नाही. तुम्हाला ठाऊक आहे.”

“आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलातली डॉक्टरीण उद्यापासून पाठवतो. दोन नर्सही देतो.”

“आणि मी काय करायचं?”

“धाकट्याला पाठिंब्याचं पत्रक काढायचं. अर्ज मागे घ्यायची मुदत गेली, तेव्हा नाव मतदानाच्या मशीनवर राहील. राहू दे. तुम्ही शब्द दिलात की मला पुरे. तुमचा शब्द मोडत नाही, एवढं दहा वर्षांत कळलंय मला.”

 बाई म्हणाल्या, “डॉक्टरीण आधी येऊ दे.”

डॉक्टरीण दुसऱ्या दिवशी सकाळी आली. कुलूप निघालं. दुपारी डोंगराकडची एक पोर तिथे सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. बाई बघून आल्या, आणि संध्याकाळी त्यांनी पत्रकावर सही केली. त्या रात्री नवऱ्याच्या मशीनवरचा दोरा सारखा तुटत होता.

मतदान शेजारच्या शाळेत होतं. रांगेतल्या बायका म्हणाल्या, “बाई, तुम्ही पुढे व्हा.” त्या रांगेतच उभ्या राहिल्या. पुठ्ठ्याच्या आडोशामागे मशीनवर त्यांचं नाव होतं, शेजारी शिलाई मशीनचं चित्र. सभागृहात असताना त्यांचं नाव पुकारलं की शेजारचे सदस्य घड्याळाकडे बघायचे, ते त्यांना आठवलं. त्यांनी धाकट्याच्या नावासमोरचं बटण दाबलं आणि बाहेर येऊन बोटाची शाई वाळू दिली.

धाकटा दणदणीत निवडून आला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी दुकानापुढे गाडी थांबली. जुन्या ड्रायव्हरने काच खाली केली. मागे धाकट्याचे कार्यकर्ते कोंबून बसले होते.

“बाई, आपल्या शाळेच्या केंद्रावर तुम्हाला एक मत पडलं बरं का! स्वतःचंच असणार!”

मागे हशा पिकला. बाई म्हणाल्या, “धाकट्यांना अभिनंदन सांग.”

त्याच आठवड्यात डॉक्टरीण ट्रस्टच्या हॉस्पिटलात परत गेली. नर्सही गेल्या. विभागाला कुलूप लागलं. बाईंनी बंगल्यावर फोन केला तेव्हा साहेब मीटिंगमध्ये होते. दुपारी केला, तेव्हाही. संध्याकाळी ज्याने फोन उचलला, त्याने विचारलं, “कोण सिस्टरबाई?”

जेवताना त्या नवऱ्याला म्हणाल्या, “तुम्ही कशाला मला मत दिलंत? मी शब्द दिला होता ना?”

“मी नाही दिलं.”

“खोटं बोलू नका.”

“अगं, शपथेवर सांगतो. तू शब्द दिलास, म्हणजे तो घराचा झाला. मनात शिव्या घातल्या त्या धाकट्याला, पण बटण त्याचंच दाबलं.” तो ताटावरून मान वर करून बघू लागला. “आणि तू?”

“मीही त्यालाच.”

दोघांचेही हात ताटात थांबले.

“मग ते एक कुणाचं?” नवरा म्हणाला.

सकाळी बाई पिशवी घेऊन गल्लीत उतरल्या. इस्त्रीवाल्याने नेहमीसारखा नमस्कार केला. पलीकडची विधवा उंबऱ्यावर गहू निवडत बसली होती. सायकलवरून दुधाच्या किटल्या घेऊन जाणारा थांबून म्हणाला, “बाई, आज लवकर निघालात?” ज्याने पत्रक दारावर लावू दिलं नव्हतं, तो पेन्शनर नळी धरून झाडांना पाणी घालत होता. बाई प्रत्येकापाशी जरा जास्तच वेळ थांबत होत्या, चेहऱ्याकडे बघत होत्या.

“असं काय बघता हो, बाई?” विधवेने सुपातून मान वर करून विचारलं.

“काही नाही गं,” त्या म्हणाल्या. “बरी आहेस ना?” आणि पुढच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.